जुन्या इंग्रजी हॉरर कादंबऱ्या वाचायच्यात? कुठून सुरू करायचं, कुठल्या क्रमाने आणि कुठली प्रत घ्यायची

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, की धारप सगळे वाचून झाले, मतकरी झाले, आता इंग्रजीत काय वाचू. मी एखादं नाव सांगतो, मग तो माणूस दुकानात जाऊन त्याच लेखकाचं सगळ्यात जाड आणि सगळ्यात गाजलेलं पुस्तक उचलतो, शंभरेक पानं वाचतो आणि म्हणतो अरे यात भीती कुठाय, नुसतं गावाचंच पुराण चाललंय. आणि पुस्तक कपाटात जातं ते जातंच. म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून काढू. साधारण १९६७ ते २००० या काळातल्या पुस्तकांबद्दल बोलतोय, बहुतेक अमेरिकेतली, थोडी इंग्लंडची आणि एक मालिका जपानची.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, की या पुस्तकांमध्ये ते जे काही भयानक असतं ते उशिरा येतं. आधी माणसं येतात, त्यांची भांडणं, त्यांचे हप्ते, त्यांची मुलं, दारू, शेजारी. ती माणसं आपल्या ओळखीची होतात आणि मग त्यांच्यावर काहीतरी येतं, आणि ते आपल्याला लागतं. जो माणूस ही सुरुवातीची पानं चाळून पुढे पळतो त्याला पुढे भीती वाटणार नाही हे मी लिहून देतो. एवढं जमलं की बाकी सगळं क्रमाचं आणि प्रतींचं काम आहे.

तर पहिलं पुस्तक बारीक घ्या. माझं मत विचाराल तर आयरा लेविनचं 'रोझमेरीज बेबी', १९६७ सालचं. न्यूयॉर्कमधल्या एका जुन्या भारदस्त बिल्डिंगमध्ये तरुण जोडपं राहायला येतं, शेजारी एक म्हातारं जोडपं, फार प्रेमळ, सारखं दार वाजवणारं. रोझमेरीला दिवस जातात, तर शेजारची म्हातारी रोज स्वतःच्या हाताने केलेलं एक पेय घेऊन येते आणि ती पिईपर्यंत हलत नाही. एवढंच. पण आपल्याकडे शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात उभ्या राहिल्या की आपल्याला नाही म्हणता येत नाही ना, तीच अवघडलेली अवस्था लेविन पान-पान वाढवत नेतो, आणि रोझमेरीला संशय यायच्या आधी आपल्याला आलेला असतो. भाषा सोपी, वाक्यं छोटी, दोन-तीन रात्रीत संपतं. इंग्रजी वाचायची सवय नसेल त्यांनी तर इथूनच सुरू करावं.

त्यानंतर विल्यम पीटर ब्लॅटीचं 'द एक्झॉर्सिस्ट', १९७१. सिनेमा बहुतेकांनी बघितलेला असतो, तरी पुस्तक वाचा, कारण पुस्तकात त्या झपाटलेल्या मुलीच्या डॉक्टरी तपासण्या, शंका, परत तपासण्या हे इतकं सविस्तर आहे की आपण पण तिच्या आईसारखे थकून जातो आणि मग धर्मगुरूचं नाव निघतं तेव्हा ते वेडेपणाचं वाटत नाही. या दोन पुस्तकांच्या खपाने अमेरिकेतल्या प्रकाशकांना कळलं की भयकथेला पैसा आहे, आणि पुढची वीस वर्षं पेपरबॅकचा नुसता पूर आला.

त्या पुरातला मोठा मासा म्हणजे स्टीफन किंग. त्याचं पहिलं पुस्तक 'कॅरी', १९७४. हार्डकव्हरसाठी त्याला आगाऊ मिळाले २५०० डॉलर, आणि त्याच पुस्तकाचे पेपरबॅकचे हक्क गेले ४ लाख डॉलरला, त्यातले अर्धे त्याचे. 'कॅरी' लिहिताना तो शाळेत शिकवत होता आणि ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहत होता. 'कॅरी'ची पहिली पानं त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकली होती, ती बायकोने, टॅबिथाने, बाहेर काढून वाचली आणि पुढे लिही म्हणाली. हा हिशोब सांगायचं कारण म्हणजे त्या काळातला खरा बाजार पेपरबॅकचाच होता, त्यामुळे आज आपल्याकडे फुटपाथवर जी पुस्तकं सापडतात ती बहुतेक पेपरबॅकच असतात. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

किंगचं पहिलं म्हणून मी 'कॅरी' देत नाही, मी 'सेलम्स लॉट' देतो, १९७५ चं. कारण मराठी वाचकाला यात एक आयती शिडी आहे. नारायण धारपांची 'लुचाई' याच कादंबरीवर बेतलेली आहे, आणि 'शपथ' ही किंगच्याच 'इट'वर. ज्यांचं इंग्रजी अडखळतं त्यांनी आधी 'लुचाई' वाचायची आणि मग 'सेलम्स लॉट' घ्यायचं, म्हणजे गोष्ट माहीत असते, शब्द अडला तरी वाचन अडत नाही, आणि दुसरीकडे धारपांनी ते सगळं आपल्या मातीत कसं आणलं, काय ठेवलं, काय सोडलं हे बघायला मिळतं ते वेगळंच. मी हे उलट्या क्रमाने केलं, आधी किंग आणि मग धारप, तरी पण मजा कमी झाली नाही.

आता ते "गावाचं पुराण" म्हणतात ते काय आहे ते जवळून बघू. 'सेलम्स लॉट'मध्ये सुरुवातीलाच एक प्रकरण आहे ज्याचं नावच गावाचं आहे. पहाटे चारला सुरू होतं. गोठ्यात दोन भाऊ आणि गडी दूध काढतायत. मग घड्याळ पुढे सरकतं, दूधवाला निघतो, कोणी कामावर जायला उठतंय, एक कमी वयाची आई रडणाऱ्या बाळावर हात उगारते, शाळेच्या बसचा ड्रायव्हर पोरांवर खेकसतो. असं करत करत तो दिवस मध्यरात्रीपर्यंत जातो. पिशाच्च वगैरे काहीही नाही, म्हणजे जवळजवळ नाही. बहुतेक लोक इथेच पुस्तक सोडतात. पण तुम्ही एक करा, या प्रकरणात पेन्सिल घेऊन बसा आणि समासात नुसती नावं लिहा, कोण कुठे राहतो, काय करतो, एवढंच. पुढे दोनशे पानांनी एकेका घराचं दार रात्री वाजायला लागतं ना, तेव्हा तुम्हाला माहीत असतं की हे त्या दूधवाल्याचं घर, ही ती बाळाची आई. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा खिडकीच्या काचेवर नखं घासतात तो प्रसंग वाचून पुस्तक मिटलं आणि उठून खिडकी लावली, आमची खिडकी दुसऱ्या मजल्यावर होती, आणि त्या गोष्टीतली पण दुसऱ्याच मजल्यावरची होती, तिथेच तर पोटात गोळा आला.

आणि हे झाल्यावर लगेच 'नाइट शिफ्ट' हा कथासंग्रह घ्या, १९७८ चा. त्यात त्याच गावाच्या दोन कथा आहेत. 'जेरुसलेम्स लॉट' ही शंभरेक वर्षं आधीची, पत्रांमधून सांगितलेली, आणि 'वन फॉर द रोड' ही कादंबरीनंतरची, बर्फाच्या वादळातली. कादंबरी वाचायच्या आधी 'वन फॉर द रोड' वाचू नका प्लीज, गावाचं काय झालं ते त्यात पहिल्या दोन-तीन पानांतच कळतं.

'द शायनिंग'बद्दल एकच सांगणं, १९८० चा सिनेमा डोक्यातून काढून वाचा. १९७७ च्या कादंबरीत झुडपांचं भूलभुलैया नाही, प्राण्यांच्या आकारात कापलेली झुडपं आहेत जी आपण नजर वळवली की जागा बदलतात. खोलीचा नंबर २३७ नाही, २१७ आहे. आणि मुख्य म्हणजे तळघरातला बॉयलर. हिवाळ्यात बंद असलेलं हॉटेल सांभाळायची नोकरी घेतानाच जॅकला सांगितलेलं असतं की याचं प्रेशर आपोआप चढत राहतं, रोज उतरवायचं, विसरलास तर संपलं. मग अख्ख्या पुस्तकात तो माणूस चिडतोय, दारू सोडून कोरडा झालाय, बायकोवर संशय घेतोय, आणि खाली तो काटा चढतोय. वाचताना दर वेळी बॉयलरचा उल्लेख आला की कोपरा दुमडून ठेवा आणि शेवटी ते सगळे कोपरे परत उघडून बघा. कादंबरी कशी बांधतात हे मला शाळा-कॉलेजात कोणी शिकवलं नाही, ते मी इथे शिकलो.

'पेट सिमेटरी', १९८३, हे मात्र वेळ बघून घ्या. घरात लहान मूल असेल तर नंतर वाचा, हे मी अगदी मनापासून सांगतोय. ट्रकच्या रस्त्याजवळ राहायला आलेलं कुटुंब, मागच्या जंगलात पोरांनी केलेली पाळीव जनावरांची दफनभूमी, आणि पाटीवरचं स्पेलिंग पोरांनी चुकवलेलं म्हणून पुस्तकाचं नाव पण तसंच चुकीचं. किंग स्वतः तशाच रस्त्यालगत राहिला होता, मुलीची मांजर तिथे मेली होती, आणि लिहून झाल्यावर त्याला स्वतःलाच ते इतकं नकोसं झालं की त्याने ते छापायला न देता ठेवून दिलं होतं, नंतर एका प्रकाशकाशी असलेला करार पुरा करायचा म्हणून दिलं. यात बाप आणि लहान मुलगा पतंग उडवतात असा एक प्रसंग आहे. मोकळं मैदान, वारा, पोरगं खिदळतंय, आणि त्या आनंदाच्या मधोमध, एका वाक्यात, जाता जाता लेखक सांगून टाकतो की या पोराकडे आता दोन महिनेही उरलेले नाहीत. काही लपवत नाही. आणि मग पुढची सगळी पानं आपण ते ओझं घेऊन वाचतो, बापाला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे. मी तिथे पुस्तक आठवडाभर बाजूला ठेवलं होतं. तुम्हालाही ठेवावंसं वाटलं तर ठेवा, त्यात काही हरकत नाही.

आता मालिका. इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो. साधा नियम म्हणजे छापून आल्याच्या क्रमाने वाचायचं, आतल्या काळाच्या क्रमाने नाही. किंगच्या कॅसल रॉक या काल्पनिक गावाच्या पुस्तकांचं घ्या. 'द डेड झोन' १९७९, मग 'कुजो' १९८१, मग 'द डार्क हाफ' १९८९, मग 'नीडफुल थिंग्ज' १९९१. मुखपृष्ठावर कुठेही भाग एक, भाग दोन लिहिलेलं नसतं, प्रत्येक स्वतंत्रच वाटतं, पण पहिल्या पुस्तकातला शेरीफ दुसऱ्यात काय होतो, तिसऱ्यापासून नवीन शेरीफ का आहे, हे क्रमाने गेलात तरच लागतं. आणि 'नीडफुल थिंग्ज'मध्ये गावाचं जे होतं ते आधी वाचलंत तर मागच्या सगळ्याची चव जाते.

'द डार्क टॉवर' ही किंगचीच मालिका, पण हे मोठं काम आहे. पहिलं 'द गनस्लिंगर', १९८२ मध्ये एका छोट्या प्रकाशनाने थोड्याच प्रती काढल्या होत्या, बहुतेक वाचकांना असं काही पुस्तक आहे हे कळलं ते 'पेट सिमेटरी'त लेखकाच्या इतर पुस्तकांच्या यादीत ते नाव दिसलं तेव्हा, आणि मग लोकांनी पत्रं पाठवून पाठवून भंडावून सोडलं. या पुस्तकाच्या दोन आवृत्त्या आहेत, जुनी आणि २००३ ची सुधारलेली, नव्या आवृत्तीत पुढच्या भागांशी जुळवून बरेच बदल केलेत. नव्या वाचकाला दुकानात सुधारलेलीच मिळते आणि ती चालते, पण जुनी हाताशी आली तर मी जुनी वाचा म्हणेन, ती कोरडी आहे, तुटक आहे, पण लेखकाने तरुण वयात लिहिलेली आहे आणि ते तिच्यात दिसतं. पहिला भाग आवडला नाही तरी दुसरा, 'द ड्रॉइंग ऑफ द थ्री', १९८७ चा, त्याची पन्नास पानं वाचल्याशिवाय मालिका सोडू नका, तो एकदम वेगळ्या वेगाने चालतो. आणि दोन टेकू लक्षात ठेवा. चौथा भाग 'विझर्ड अँड ग्लास', १९९७, त्याच्या आधी 'द स्टँड' वाचलेलं असावं. पाचव्याच्या आधी 'सेलम्स लॉट' वाचलेलंच पाहिजे, कारण तिथला फादर कॅलहन इथे परत येतो आणि त्याचं पुढे काय झालं ते सांगतो, ते वाचताना मागचं माहीत नसेल तर शंभर पानं वाया.

'द स्टँड'ची पण प्रत बघून घ्या. १९७८ ला छापताना किंमत आवाक्यात राहावी म्हणून सुमारे ४०० पानं काढायला लावली होती, ती १९९० ला परत घातली आणि गोष्टीचा काळही पुढे ओढून १९९० केला. जाड, हजार पानांच्या वरची म्हणजे नवी. पहिल्यांदा वाचणाऱ्याने कुठली घ्यावी यावर लोक भांडतात, माझं मत जुनी, पण ती सहज मिळत नाही, तर त्यासाठी थांबू नका.

अॅन राइसची व्हँपायरची मालिका एकदम वेगळी, भीतीपेक्षा दुःख जास्त. 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' १९७६ चं, त्याच्या चार वर्षं आधी तिची लहान मुलगी रक्ताच्या कॅन्सरने गेली होती, हे माहीत असेल तर त्या पुस्तकातली पाच वर्षांची कधीच मोठी न होणारी क्लॉडिया वाचताना हात थरथरतो. दुसरा भाग तब्बल १९८५ ला आला, 'द व्हँपायर लेस्टाट', आणि त्यात पहिल्या भागातला खलनायक स्वतःची बाजू सांगतो, म्हणजे पहिल्या निवेदकाने सांगितलेलं किती खरं हा प्रश्न उभा राहतो. म्हणून हे दोन लागोपाठ वाचा, मध्ये दुसरं काही नको. तिसरं 'क्वीन ऑफ द डॅम्ड', १९८८. तिथे थांबलात तरी चालेल, मी पुढची वाचली आहेत पण कोणाच्या मागे लागून वाचायला सांगणार नाही.

इंग्लंडकडे वळायचं तर क्लाइव्ह बार्कर, लिव्हरपूलचा. 'बुक्स ऑफ ब्लड', सहा खंड, १९८४ आणि ८५ मध्ये आलेले. हे सलग वाचायचं नाही, एका बैठकीत एकच कथा. सुरुवात पहिल्या खंडातल्या 'इन द हिल्स, द सिटीज' या कथेने करा. युगोस्लाव्हियातल्या दोन गावांची माणसं, हजारोंच्या संख्येने, एकमेकांना दोरांनी बांधून डोंगराएवढे दोन राक्षस तयार करतात, आणि मग त्यातला एक कोसळतो. भूत नाही, शाप नाही, नुसती माणसं. बार्करकडे रक्त खूप आहे, पोट नाजूक असेल तर आधीच सांगतो.

जपानची म्हणजे कोजी सुझुकीची 'रिंग', १९९१. सात दिवसांत मरण आणणारी ती व्हिडिओ कॅसेट. सिनेमात पत्रकार बाई आहे, मूळ कादंबरीत पुरुष आहे आणि ती जास्त एखाद्या तपासकथेसारखी चालते. पुढचे दोन भाग, 'स्पायरल' आणि 'लूप', हळूहळू विज्ञानकथेकडे जातात, काहींना ते अजिबात पटत नाही, मला पटलं.

एका पुस्तकाबद्दल मात्र सावध करतो, डॅन सिमन्सचं 'साँग ऑफ काली', १९८५. त्याला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळालेला आहे, लिहिलंय ताकदीने, वातावरण अंगावर येतं. पण कोलकात्याचं आणि कालीमातेचं जे चित्र त्यात आहे ते बाहेरून आलेल्या माणसाने घाणीकडेच बघत काढलेलं आहे, मला वाचताना राग आला आणि आजही येतो. यादीत सगळीकडे वरच्या नंबरवर असतं म्हणून पहिल्या पाचात घेऊ नका. नंतर कधीतरी घ्या, डोळे उघडे ठेवून.

आता प्रती. मुंबईत फोर्टात फाउंटनपाशी, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, रविवारच्या जुन्या बाजारात, अजूनही सापडतात. घेताना पहिलं काम म्हणजे शेवटचं पान उघडून बघा. वाचायचं नाही, आहे का तेवढं बघायचं. मी एकदा एक जाड कादंबरी घेतली, चारशे पानं धडधडत्या छातीने वाचली आणि शेवटचा आख्खा फर्मा, म्हणजे एकत्र बांधलेल्या पानांचा गठ्ठा, गायब, नंतर दुसरी प्रत मिळेपर्यंत सहा महिने त्या गोष्टीचा शेवट काय असेल याचा विचार करत होतो. म्हणून पाननंबर पण मधून मधून तपासा. जुन्या पेपरबॅकचा पाठीचा गोंद वाळलेला असतो, पुस्तक पूर्ण उलटं दाबून उघडलंत की तिथेच दोन तुकडे होतात, तर नव्वद अंशापेक्षा जास्त उघडू नका. त्या काळी मुखपृष्ठाला खिडकीसारखं भोक पाडून आत दुसरं चित्र ठेवायची फॅशन होती, अशी प्रत मिळाली तर ती वेगळी ठेवा, बॅगेत कोंबलीत की खिडकीची कड फाटते. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, बुरशी धरते, कपाटात सुकवलेला कडुनिंबाचा पाला टाका आणि ऊन पडलं की दार उघडं ठेवा. 'द बॅकमन बुक्स' या नावाचा जुना जाड संग्रह दिसला तर आतली अनुक्रमणिका बघा. किंगने रिचर्ड बॅकमन या टोपणनावाने लिहिलेल्या चार कादंबऱ्या त्यात आहेत, आणि त्यातली 'रेज' ही शाळेतल्या गोळीबाराची गोष्ट, तशा खऱ्या घटना घडल्यावर त्याने स्वतःच छापणं बंद करायला लावली. नव्या संग्रहात ती नाही.

आणि किंगचंच 'द ग्रीन माइल' सहा पातळ पुस्तिकांमध्ये मिळालं तर सहाच्या सहा असतील तरच घ्या. १९९६ मध्ये मार्च ते ऑगस्ट, महिन्याला एक अशी ती आली होती, आणि एक वेळ अशी आली की बेस्टसेलरच्या यादीत एकाच वेळी सहाही भाग होते. हे एकत्र छापलेलं पण मिळतं, पण मी सांगतो तसं करून बघा, महिन्याला एकच भाग वाचा. मी आणि नाशिकच्या माझ्या ताईने केलं होतं. पुस्तिका माझ्याकडे होत्या, माझा भाग वाचून झाला की मी तिला कुरिअर करायचो, आणि पहिल्या तारखेच्या आधी पुढचा द्यायचा नाही असं ठरलेलं. तिसरा भाग संपतो तो तुरुंगातल्या त्या पाळलेल्या उंदरापाशी, बुटाखाली. ताईचा त्या रात्री साडेअकराला फोन, "चौथा उद्याच्या उद्या पाठव." मी म्हटलं ताई, ठरलंय आपलं. तिने तीन आठवडे रोज फोन करून उंदराबद्दल विचारलं, मी सांगितलं नाही, कारण मी पण चौथा उघडला नव्हता.